एक्स-रेच्या फिल्मवर चेहरा

श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.

माझी अख्खी नोकरी एवढ्या बोलण्यावर झाली. नंदुरबारच्या एका सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. लग्नकार्यात कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी सांगायचो, फोटोग्राफर आहे, फक्त माझ्याकडे हसून कोणी फोटो काढून घेत नाही. गावात मला अजूनही सगळे ‘एक्स-रेवाले आप्पा’ म्हणतात. माझं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं आहे.

एकदा एका आडव्या बांध्याच्या शेतकऱ्याला मी ‘रोखा’ म्हणालो, बटण दाबलं आणि तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली म्हणून बाहेर पळालो. परत येऊन बघतो तर गडी तसाच छातीचं पिंप करून उभा, तोंड लालबुंद, डोळे बाहेर. मला बघून दातातल्या दातात म्हणाला, “साहेब, आते सोडू का?” त्या दिवसापासून कोणीही हाक मारो, ‘सोडा’ म्हटल्याशिवाय मी खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही.

हल्लीच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण एक्स-रे तेव्हा धुवावा लागायचा. पत्र्याच्या पेटीत फिल्म भरायची, फोटो काढायचा, मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ती फिल्म स्टीलच्या चौकटीला चिमट्यांनी अडकवायची आणि एकामागून एक टाक्यांत बुडवायची. पहिल्या टाकीत डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध. मग पाणी. मग हायपो, म्हणजे उमटलेलं पक्कं करणारं औषध. मग भरपूर पाणी आणि वाळवण. त्या खोलीत मी इतकी वर्षं काढली की माझ्या सदऱ्याला येणारा हायपोचा आंबूस वास बायकोला माझाच वास वाटायचा. पुढे संगणक आले, टाक्या कोरड्या पडल्या, खोलीत जुनी गादी-पलंगांची रास लागली, आणि मी निवृत्त झालो.

निवृत्त माणसाचं काय करायचं हा प्रश्न घरच्यांना फार लवकर पडतो. माझा मित्र मधू याचा स्टेशन रस्त्याला फोटो स्टुडिओ होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. माळा रिकामा करताना त्याला त्याच्या वडिलांचा लाकडी कॅमेरा सापडला. पेटीएवढा मोठा, पुढे पितळी भिंग, मागे धुरकट काच, मध्ये बाजाच्या पेटीसारखा कातड्याचा भाता. मधू म्हणाला, “घरमा जागा नही. लई जा, नही तं भंगारमा टाकस.” मी मागची चौकट उघडून पट्टीनं मोजली. आठ बाय दहा इंच. माझ्या हातातून हजारो वेळा गेलेल्या एक्स-रे फिल्मचंच माप. तिथेच मी ठरवलं की हा कॅमेरा भंगारात जाणार नाही.

बाजारात मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म मिळत नाही आणि मागवायची तर परवडत नाही. एक्स-रेची फिल्म मात्र सुरतेहून अजून येते. फोटो काढणारे तिला नाक मुरडतात, कारण तिच्या दोन्ही अंगांना चित्र उमटणारा मसाला असतो, जराशा घासण्यानं ओरखडा उठतो, आणि तिला लाल रंग दिसतच नाही. मला तिच्या खोड्या पाठ होत्या. लाल दिसत नाही म्हणूनच तर लाल दिव्याखाली ती उघडता येते. ओरखडे आडव्या तसराळ्यात धुताना उठतात, म्हणून मी भंगारवाल्याकडून जुन्या स्टीलच्या चौकटी शोधून आणल्या, धान्याचे उभे प्लॅस्टिकचे डबे घेतले, मोरीच्या खिडकीला काळा कागद चिकटवला आणि दवाखान्यातली अंधारी खोली घरात आणली. बायको म्हणाली, “आते आंघोय कोठे करानी?” मी म्हणालो, सकाळी लवकर.

फिल्म धुण्यात मला कोणी शिकवायची गरज नव्हती, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. पण कॅमेरा नावाची वस्तू मला नवीन होती. एक्स-रेला फोकस करावा लागत नाही. इथे डोक्यावर काळं कापड घेऊन धुरकट काचेत बघायचं, तर माणूस उलटा, पाय वर, डोकं खाली. भाता पुढे-मागे सरकवून पापण्यांचे केस वेगळे दिसेपर्यंत थांबायचं. मग फिल्मची पेटी मागे सरकवायची, तिचं झाकण ओढायचं, भिंगाची टोपी काढायची, लावायची, झाकण परत आत. यात एक पायरी चुकली की सगळं पाण्यात. झाकण न ओढता मी कितीदा फोटो काढले हे विचारू नका. भिंगाला शटर नव्हतं, नुसती टोपी. किती वेळ उघडी ठेवायची? त्याचं उत्तर माझ्या तोंडातच होतं. ‘श्वास घ्या, रोखा,’ टोपी काढली. ‘हलू नका.’ ‘सोडा,’ टोपी लावली. माझं ते बोलणं जेवढा वेळ चालतं, तेवढाच उजेड सावलीतल्या माणसाला लागतो. इतकी वर्षं मी कशाची तालीम करत होतो ते मला तेव्हा कळलं.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच बायको. हिरवं लुगडं नेसून, ठसठशीत कुंकू लावून ती अंगणात बसली. मी दवाखान्याच्या सवयीनं फिल्म कडक औषधात घड्याळ लावून धुतली. कागदावर छाप काढला तर गाल चुन्यासारखे पांढरे, लुगडं कोळशासारखं आणि कपाळावर काळा कुळकुळीत टिळा. लाल न दिसणाऱ्या फिल्मनं कुंकवाचं काजळ केलं होतं. बाईसाहेब कडाडल्या, “अवं माय! मन्हं कुकू काळं करी टाकं! नवरा समोर जिता उभा शे, आन हाई काय?” दोन दिवस आमच्याकडे पिठलंच होतं. तेव्हापासून मी औषध पातळ करतो, फिल्म कमी वेळ बुडवतो, आणि बायकांना कुंकवाऐवजी फिकट पिवळं गंध लावायला सांगतो. हाडाला काळं-पांढरं चालतं, माणसाला मधले करडे रंग लागतात.

नंदुरबारच्या वैशाखानंही मला एक धडा दिला. नळाचं पाणी इतकं तापलेलं की औषधात फिल्मचा मसाला दुधावरच्या सायीसारखा सुटून आला. आता मी औषध माठाच्या पाण्यात कालवतो आणि डब्याभोवती गोळेवाल्याकडचा बर्फ रचतो. गोळेवाला मला विचारतो, आप्पा, पाहुणे फार येतात का तुमच्याकडे?

हौसेला मोल नाही म्हणून मी हा डोलारा घेऊन डोंगरातल्या काठी गावच्या आदिवासी होळीलाही गेलो. मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे, अंगावर राखेचे ठिपके, आणि ढोल असा की जमीन हलते. त्यात मी ‘हलू नका’ कोणाला सांगणार? सगळ्या फिल्मांवर नुसतं धुकं आलं. एकच माणूस नीट आला. नवस केलेला एक म्हातारा, टोप मांडीवर ठेवून दमून बसला होता, त्याला मी काही सांगितलंही नव्हतं. तो छाप माझ्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. त्या दिवशी मी एवढं शिकलो की हा कॅमेरा थांबलेल्या माणसांचा आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात मी रनाळ्याला एका निंबाच्या झाडाचा फोटो घेत होतो. तिवईवर कॅमेरा, डोक्यावर काळं कापड. मागून आवाज आला, “आप्पा, रस्तानी मोजणी शे का? कोनं वावर जाई ऱ्हायनं?” कापडातून डोकं काढलं तर एक चाळिशीकडे झुकलेला गडी, पिकअप गाडी रस्त्यात थांबवून उभा. सुकदेव त्याचं नाव. मोजणी नाही, फोटो आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं काचेत उलटं झाड बघितलं, आणि फिल्म कुठली विचारली. मी ऐटीत सांगितलं, एक्स-रेची. हिच्यावर माणसाचा चेहरा असा उतरतो की बघत राहाल. तो मान हलवत निघून गेला.

आठवडाभरानं तो आईला घेऊन माझ्या दारात. वेणूबाई. वाळलेल्या अंगाची, ताठ बसणारी, डोळ्यांत मोतीबिंदू काढल्याचा चकचकीतपणा. बसल्याबरोबर तिनं पिशवीतून एक जुनी फिल्म काढली. कोपरे मुडपलेले, तेलकट बोटांचे ठसे. डोक्याचा एक्स-रे, बाजूनं काढलेला. कोपऱ्यात उजवी बाजू दाखवणाऱ्या शिशाच्या ‘आर’ अक्षराची पांढरी सावली, एक पाय तुटलेली. माझ्या हातून ते अक्षर एकदा फरशीवर पडून तो पाय तुटला होता. म्हणजे फिल्म माझीच होती.

“सुकदेवना बापना शे,” ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, ते सुकदेवनं सांगितलं, हिलाल. बैलानं शिंग मारलं होतं म्हणून दवाखान्यात आणलं, फोटो काढला, हाड शाबूत होतं, टाके पडले आणि माणूस बरा होऊन घरी गेला. पुढच्या पावसाळ्यात वावरात साप चावून वारला. सुकदेव तेव्हा पाळण्यात होता. घरात हिलालचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढायला पैसे नव्हते, आणि ओळखपत्रं यायच्या आधीच तो गेला होता.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आणि हल्ली प्रत्येक घरात घागरीमागे गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो असतो. सुकदेवच्या घरी घागरीमागे भिंत. त्या वर्षी नवं घर बांधलं म्हणून त्यानं शहरात एका दुकानात संगणकावर फोटो करून घेतला होता. सुकदेवचाच चेहरा घेऊन वर पागोटं, खाली मिशा. म्हातारी तो बघून म्हणाली होती, “हाऊ कोन शे? टीव्हीमाधला दिसस.”

आता ती मला म्हणाली, “फिल्म तीच शे ना आप्पा? एक्स-रेनी फिल्मवर तोंड उतरस, हाई तुम्हीच सांगं सुकदेवले. मंग हाईमा बी तेनं तोंड व्हईच. तुम्ही काढी द्या.”

मला हसू आलं ते मी गिळलं. सुकदेव खाली बघत होता, त्यानं बहुतेक तिला वाटेत समजावून पाहिलं होतं. मी म्हणालो, “अक्का, हाईमा नुसता हाडं ऱ्हातस. तोंड नही उतरत. तो उजेड निराळा, हाऊ उजेड निराळा.”

तिनं फिल्मचा मुडपलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाली, “मले आते तेनं तोंड याद येत नही. डोया मिची तं सदरा दिसस, पागोटं दिसस. तोंडनी जागामा काहीच नही. आधी दिसे. आते नही दिसत.” आणि फिल्म माझ्या खाटेवर ठेवून उठली. “ऱ्हाऊ द्या तुम्हाजोडे. दखा.”

त्या दोघांची गाडी गेल्यावर मी फिल्म हातात घेऊन बसलो. खरं सांगायचं तर मला तो माणूस अजिबात आठवत नव्हता. आठवणार कसा? आम्ही दारातून हाक मारायचो, “चला, गुडघा कोण आहे? छाती, आत या. डोकं, थोडं थांबा.” अर्ध्या जिल्ह्याच्या बरगड्या माझ्या नजरेखालून गेल्या आणि तोंडाकडे मी कोणाच्या बघितलं नाही. कामाचा रेटाच तसा होता. पण आज त्याचं वाईट वाटतं. हिलाल माझ्यासमोर जिवंत बसला होता, मी त्याची हनुवटी माझ्या हातानं वळवली असणार.

हनुवटीच्या विचारावर मी अडलो. नाकाचं हाड मोडल्याचा संशय असला की डोक्याच्या फोटोत आम्ही एक युक्ती करायचो. नेहमीच्या उजेडाच्या पेटीवर कवटीच्या पुढचा भाग नुसता काळा दिसतो. पण तीच फिल्म झगझगीत बल्बसमोर धरली आणि हाडांचा भाग हातानं झाकला, तर त्या काळ्यात नाकाच्या मांसाची पुसट कड दिसते. आम्ही ती फक्त हाड बघण्यापुरती बघायचो. मी उठलो, कोंबड्यांच्या खुराड्यातला मोठा बल्ब काढून आणला, आणि फिल्म वर धरली.

कपाळ. नाक. वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटी. धुरासारखी पुसट, पण एक सलग रेघ. म्हातारीचं बरोबर होतं, तोंड त्यात होतंच.

दिसणं वेगळं आणि कागदावर आणणं वेगळं. पहाटे पाणी गार असतं म्हणून मी पहाटे मोरीत बसलो. फोटोचा कागद खाली, त्यावर फिल्म, त्यावर काच, आणि वरून बल्ब. पहिल्या छापात अख्खी कवटी उतरली, दातांसकट, आणि नाकाचा पत्ता नाही. बायको दारातून डोकावून म्हणाली, “हाई घरमा नका ठेवा.” घागरीमागे कवटी कोण टांगेल? ही मूर्तिमंत भीती म्हातारीच्या हातात द्यायची नव्हती.

एक्स-रेवर हाड पारदर्शक असतं आणि मोकळी हवा काळी. कागदावर ते उलटं होतं. म्हणजे बल्ब जास्त वेळ चालू ठेवला तर हाडांच्या जागेतून उजेड बेसुमार जाणार आणि तिथे कागद पूर्ण काळा होणार. आणि तेवढ्या वेळात काळ्या भागातून झिरपणारा थोडासा उजेड नाकाची कड उमटवणार. मी वेळ वाढवत गेलो. कागद वाया जात होता, माझं चित्त मात्र थाऱ्यावर होतं, कारण हे काम माझंच होतं. दवाखान्यात जे जे करू नको म्हणून शिकवलं, ते ते इथे करायचं होतं.

शेवटच्या कागदावर औषधात आधी कवटी आली. मग डोळ्यांच्या खोबणी भरल्या, दात बुडाले, सगळं एकसारखं काळं झालं. हाडं गेली. आणि त्या काळ्याच्या पुढे हळूहळू करडं नाक आलं, मधे थोडं उंच, टोकाला वाकलेलं. मग ओठ. मी लाल दिव्याखाली उभा राहून एका अनोळखी माणसाचा चेहरा येताना बघत होतो आणि मला हुंदका आला. चाळीसेक वर्षं फिल्मा धुतल्या, पण असं कधी झालं नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी वेणूबाई सुकदेवबरोबर आली. मी छाप तिच्या मांडीवर ठेवला. काळी सावली, बाजूनं दिसणारा पुरुष, तोंड किंचित वर. ती बघत राहिली. तिच्या तोंडावर काहीच हललं नाही. मग तिनं बोट नाकावर ठेवलं.

“सुकदेव,” ती म्हणाली, “तुन्हं नाक कथाइन उनं, दख.”

सुकदेवचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला, तेही टोकाला तसंच वाकलेलं.

मग तिनं असं काही केलं जे मला सुचलंही नव्हतं. उजव्या हाताचा तळवा तिनं त्या काळ्या गालावर ठेवला. एक्स-रे खऱ्या मापाचा असतो, फार तर किंचित मोठा. छापही तेवढाच. तळवा गालावर बसला, बोटं कानापर्यंत गेली, अंगठा हनुवटीखाली. “इतलंच व्हतं,” ती म्हणाली. “इतलंच तोंड व्हतं तेनं.” ती रडली नाही. रडलो आम्ही दोघे पुरुष, आणि आत माझी बायको.

निघताना ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “मन्हा बी काढा. तेनाकडे तोंड करीसन.” मी तिला अंगणात कडुलिंबाच्या सावलीत बाजूनं बसवलं, दोन्ही छाप शेजारी ठेवले की तोंडं समोरासमोर येतील अशी. भाता पूर्ण लांबवला, म्हणजे तिचा चेहराही त्याच मापाचा येईल. काचेत ती उलटी, नाक, ओठ, सुरकुत्या, सगळं स्पष्ट. पेटी सरकवली, झाकण ओढलं, ते दोनदा तपासलं. हात टोपीवर ठेवला.

“श्वास घ्या, अक्का. रोखा.”

तिनं रोखला नाही. मान न हलवता विचारलं, “तेले बी असंच सांगेल व्हतं का तुम्ही?”

मला तो माणूस आठवत नव्हता. पण माझं बोलणं मला ठाऊक होतं, ते कधी बदललं नाही. “हो,” मी म्हणालो, “हेच. अस्संच.”

“मंग तेनी काय करं?”

“रोखला. फिल्म अजिबात हलली नाही. नीट बसले होते.”

ती समाधानानं ताठ झाली. मी पुन्हा म्हणालो, श्वास घ्या, रोखा. टोपी काढली. लिंबाची पानंसुद्धा त्या वेळी हलली नाहीत. हलू नका, सोडा, आणि टोपी लावली. सुकदेव गाडीची किल्ली हातात घेऊन पुढे आला. वेणूबाई तशीच बसून होती, छाती भरलेली, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर, आणि श्वास तिनं अजून सोडला नव्हता.